तेल दिलंय, हात लावू नका

मिस्त्रींच्या गॅरेजात गेलेल्या माणसाच्या हातात आधी चहाचा कप नाही, लोकर पडायची. मेंढीची काळी लोकर, नुकती कातरलेली, तिच्यात कुसळं आणि वाळलेल्या लेंड्यांचे तुकडे अडकलेले. "तवर एवढी पिंजा," असं म्हणून मिस्त्री गाडीखाली शिरायचे. मग तो माणूस कंत्राटदार असो नाहीतर सरपंच, बाकड्यावर बसून, मांडीवर पोतं पसरून, बोटांनी लोकर मोकळी करत राहायचा. देवगाव फाट्यावरच्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. बाहेरून आलेला माणूस तेवढा बिचकायचा. मीही बिचकले होते, आणि चिडलेही होते.

मी त्या भागातली जनावरांची डॉक्टर. नोकरीतलं पहिलंच ठिकाण, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली छोटी गाडी, आणि स्वभाव असा की दूध तापेपर्यंतही मला गॅससमोर उभं राहवत नाही. रस्त्याचं काम चालू होतं. खड्डा चुकवावा तर गाडी खडीच्या ढिगावर चढायची आणि सायलेन्सर घासायचा. पावसाळ्यात काळी माती त्याला लिंपल्यासारखी चिकटायची, ओल धरून ठेवायची आणि लोखंड खायची. एक दिवस तो मधूनच फुटला आणि माझी गाडी ट्रॅक्टरासारखी बोंबलायला लागली. माणसांनी ते चालवून घेतलं असतं. पण मी लस द्यायला पोचले की मेंढरं बांधापलीकडे उधळायची आणि मेंढपाळ लांबूनच दोन्ही हात वर करून मला थांबवायचे. निम्मा दिवस मेंढरं गोळा करण्यात जायचा. म्हणून मी मिस्त्रींकडे गेले.

"किती वेळ लागेल?"

मिस्त्रींनी वाकून गाडीखाली पाहिलं. "सायलेन्सर बसवायला अर्धा घंटा."

"मग बसवा की."

"बसवायला म्हणलं मी. काढायला न्हाई म्हणलं."

सायलेन्सर पुढच्या पाइपाला बोल्टांनी जोडलेला असतो. माझे बोल्ट गंजून नटाशी एकजीव झाले होते. मिस्त्रींकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून ठेवलेलं असायचं. झाकणाला बारीक भोक. प्रत्येक बोल्टावर त्यांनी त्यातले चार-चार थेंब सोडले, हातोडीने हलकेच टकटक केलं, बाहेर आले आणि माझ्यापुढे लोकर धरली.

"दुसरीकडे म्हणे गॅसने कापतात," मी म्हणाले. "दहा मिनिटांत."

"कापत्यात की. मेंढी अडली की तुमी लगेच तिचं पोट फाडताव का मॅडम?"

"तुम्हाला मेंढरांतलं कळतं वाटतं."

यावर मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेले, तिथे काही काम नसताना.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथे होते. दर दहा मिनिटांनी उठून "आता?" म्हणत होते. ते "न्हाई" म्हणत होते. सांगायची गोष्ट म्हणजे, ते स्वतःही एका जागी बसत नव्हते. मला आधी वाटलं होतं, चिवट शांत माणूस असेल. छे. हातात लोकर कातायची तकली, ती भिंगरीसारखी फिरते आहे, बोटांतून धागा निघतो आहे, आणि मिस्त्री शटरपासून डांबरी रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून शटरपर्यंत येरझाऱ्या घालतायत. जेवायचेही उभ्यानेच, भाकरीवर ठेचा घेऊन. चपला झिजल्या होत्या त्या टाचेकडून नाही, बोटांकडून. मी विचारलं, मिस्त्री, गॅरेजात सूत कशाला कातता? ते म्हणाले, "हात रिकामा ऱ्हायला की पान्ह्याकडं जातोय. म्हणून त्याला काम दिलंय." आणि लोकांना लोकर कशाला? "त्यांचा हात रिकामा ऱ्हायला की ते माझ्यामागं लागायलेत."

पिंजायच्या पद्धतीवरून ते माणसाची परीक्षा करायचे, आणि निकाल तोंडावर सांगायचे. तिथल्या एका शाळेचे हेडमास्तर लोकर मोकळी करत नसत, तोडत. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हाताखाली पोरं कशी शिकत आसतील वो?" हेडमास्तर महिनाभर आले नाहीत. पण त्यांची गाडी जुनी होती, जाणार कुठे? माझ्याबद्दल निकाल लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "मॅडम, तुमी पिंजत न्हाई. उपटायलाव."

संध्याकाळी त्यांनी पान्हा लावला आणि बोल्ट उलटा फिरवायच्या ऐवजी सुलटा फिरवला. म्हणजे आणखी घट्ट केला. मी ओरडलेच.

"गप ऱ्हावा," ते खालून म्हणाले. "आधी कसायचा. केसभरच. आडलेली चीज आधी आत ढकलायची, मग भाईर घ्यायची."

दाराच्या बिजागरीसारखा बारीक आवाज आला. आवाज आला तसा त्यांनी हात थांबवला. पुन्हा तेल, पुन्हा थोडं पुढे, थोडं मागे. ओढायचं नाव नाही. मी खाली बसून बघत होते आणि माझ्याच दंडात कळ यायला लागली होती. एकेक करून सगळे बोल्ट आले, एकही तुटला नाही. मग सायलेन्सर बसवायला खरंच अर्धा तास लागला.

एकदा झरीकडच्या एका कंत्राटदाराने अर्ध्यातून गाडी नेली. तेल दिलेलं, बोल्ट जरा हललेले, आणि याला मीटिंग होती. दुसऱ्या कुणाकडून जोर लावून घेतला. परत आला तेव्हा तीनपैकी तीन बोल्ट तुटलेले. मिस्त्रींनी लोकरीचं अख्खं पोतं त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो दोन दिवस पिंजत होता. जाताना मला म्हणाला, बाई, झोप मात्र चांगली लागली.

ही सगळी लोकर यायची कुठून? बाजाराच्या दिवशी एक म्हातारी गाठोडं घेऊन यायची. गाठोडं ठेवायची, घोंगडीसाठी कातलेल्या सुताचे गुंडे उचलायची, मिस्त्रींनी दिलेला चहा प्यायची आणि जायची. दोघं फारसं बोलत नसत. मी तिला ओळखत होते. फाट्यापासून दोन-तीन कोसांवर एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा मेंढवाडा होता, तिथे मी लसीला जायचे. ही त्याची बायको. एकदा तिला गाडीत घेतलं तेव्हा कळलं, मिस्त्री तिचा थोरला.

"मग मेंढवाड्यावर कधी दिसत नाहीत ते?"

म्हातारीने मग सांगितलं. पोरगा एकोणीस वर्षांचा असताना पुढं चालणारी मेंढी विताना अडली होती. जिच्या मागे सगळा कळप चालतो, ती. बाप चाऱ्याच्या शोधात पुढे गेलेला. पोराला धीर निघाला नाही. पिल्लाचा पाय दिसत होता, त्याने तो धरला आणि ओढला. पिल्लू गेलं आणि मेंढीही गेली. बाप परत आला, मेंढीजवळ बसला, आणि उठताना एवढंच म्हणाला, "तुझ्या हाताला थांबणं न्हाई. मेंढरात येऊ नको."

"तवाधरून न्हाई आला," म्हातारी म्हणाली. "त्यांनी बी ये म्हणलं न्हाई, यानं बी येऊ का इचारलं न्हाई. दोघं बी एकाच मातीचे. लोकर तेवढी मी नेती-आणती."

"बाबांना माहीत आहे, सूत कोण काततं?"

"मी सांगितलं न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई."

पुढच्या वेळी लसीला गेले तेव्हा म्हाताऱ्याच्या घोंगडीचा वास घ्यायचा मोह मला आवरला नाही. डिझेलचा वास येत होता, चांगला झणझणीत. मी म्हणाले, बाबा, घोंगडीला डिझेलचा वास येतोय. म्हातारा एका मेंढीचे खूर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "येत आसंल." मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन माणसं, मध्ये दोन-तीन कोस, आणि एका वाक्याने सगळं गंजून बसलेलं. माझ्यासारखीने दुसऱ्याच दिवशी दोघांना धरून एकमेकांसमोर उभं केलं असतं. तसं मी मिस्त्रींना सुचवूनही पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी इंजेक्शनं द्या."

मग तो दिवस आला. त्यात माझी चूक आहे, ती आधीच सांगून टाकते.

वर्षभराने माझ्या गाडीचा पुढचा पाइप गेला, इंजिनाला जोडलेला असतो तो. तिथले बोल्ट सगळ्यात वाईट, रोज तापतात आणि रोज थंड होतात. मिस्त्रींनी गॅसच्या ज्योतीने नट तापवला, तेल दिलं, हातात लोकर दिली आणि म्हणाले, "मी वेल्डिंगचा गॅस भरून आणतो. हात लावू नका."

मला त्या दिवशी चार गावं करायची होती. लोकर पिंजली. पाणी प्यायले. घड्याळ बघितलं. पान्हा बोल्टालाच लावलेला होता आणि जोर यावा म्हणून त्याच्या दांड्यावर चढवायचा लोखंडी पाइप बाजूलाच पडला होता. मी चार वेळा पाहिलं होतं ते कसं करतात. गाडीखाली गेले, पाइप चढवला आणि ओढला. हलला. मला काय आनंद झाला. आणखी जोर लावला, आणि तो हलत नव्हता, पिळत होता. कट्ट करून डोकं तुटलं, माझा उजवा हात सुटून सरळ तापलेल्या पाइपावर गेला आणि तळवा भाजला.

मिस्त्री आले तेव्हा मी बादलीत हात बुडवून बसले होते. त्यांनी आधी हात पाहिला, मग गाडीखाली पाहिलं.

"तुटला?"

"तुटला."

 ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तकली उचलली आणि रस्त्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेंढवाड्यावरचा म्हातारा. "बाई, मेंढी आडलीय. सकाळधरून. एक पाय भाईर हाय, मुंडकं न्हाई. या लौकर."

माझी गाडी विटांवर टेकवलेली. मी मिस्त्रींना सांगितलं, मोटारसायकल काढा. त्यांनी विचारलं नाही कुणाचा फोन. माझ्या तोंडावरून कळलंच असावं. काढली. वाटेत एवढंच म्हणाले, "बांधापशी सोडतो."

बांधापाशी मी उतरले, औषधांची पिशवी डाव्या हाताने धरली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की उजव्या तळव्यावर फोड आलेत आणि बोटं मिटत नाहीत. पोटातल्या पिल्लाची मान मागे वळलेली असते तेव्हा हात आत घालून तिला शोधावं लागतं. डाव्या हाताने मी कधी केलेलं नव्हतं. तरी करून पाहिलं. मेंढीजवळ गुडघे टेकले, हात आत घातला, पिल्लाची पाठ लागली, मान लागेना. मेंढी कण्हायला लागली. म्हातारा तिचं डोकं धरून माझ्याकडे बघत होता. मी जन्मात एवढी खजील झाले नव्हते.

मी उठले आणि बांधाकडे तोंड करून हाक मारली, "मिस्त्री, इकडे या."

ते मोटारसायकलवर बसूनच होते. आले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. मग उतरले, चालत आले आणि मेंढरांच्या दहा पावलं अलीकडे थांबले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. घोंगडी खांद्यावर होती.

"माझा हात भाजलाय, बाबा," मी म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही. यांच्याकडून होईल. मी सांगते ते करतील."

म्हातारा मेंढीचं डोकं धरून तसाच बसला. मेंढी कण्हत होती. मला तर वाटलं, दोघांना तिथेच बदडावं. शेवटी म्हाताऱ्याने बायकोकडे बघून म्हटलं, "पाणी दे त्याला. हात धुऊ दे. लय काळे हायेत."

म्हातारीने पाणी दिलं, मी साबण दिला. मिस्त्री कोपरापर्यंत हात धूत राहिले. नखांतलं, रेघांतलं काळं निघता निघेना. तिसऱ्यांदा साबण लावला. म्हाताऱ्याची नजर त्या हातांवरून हलत नव्हती. मग मी जंतुनाशक ओतलं, बोटांना तेल चोळलं, आणि मिस्त्री मेंढीमागे गुडघ्यावर बसले.  मी हळूच म्हणाले, आधी आत ढकला. ते म्हणाले, "ठाऊक हाय."

त्यांनी बाहेर आलेला पाय हळूच आत लोटला. मेंढीने कळ दिली तसा हात थांबला. कळ ओसरली, हात पुढे गेला. पुन्हा कळ, पुन्हा थांबला. मी शेजारी बसून सांगत होते, मान डावीकडे असेल, जबड्याखाली बोट अडकवा. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मुंडकं लागलं." मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ओढा आता."

"न्हाई."

"मिस्त्री, ओढा. मेंढी थकलीय."

"थांबा मॅडम. वळलं न्हाई अजून."

मी डॉक्टर, आणि ते बरोबर होते. मान अर्धीच वळली होती. तेव्हा ओढलं असतं तर मेंढी फाटली असती. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट आवळले होते, आणि हात आत कुठेतरी केसाकेसाने सरकत होता. म्हातारा आता मेंढीकडे बघत नव्हता, मुलाच्या खांद्याकडे बघत होता, तो कधी झटका देतो ते. झटका आलाच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मी इकडे माती उकरून उकरून खड्डा केला होता. मग आधी पाय आले, त्यांच्यावर टेकलेलं नाक आलं, आणि पुढच्या कळेबरोबर पिल्लू मिस्त्रींच्या मांडीवर आलं.

ते मेलेलं होतं. सकाळीच गेलं असावं.

मिस्त्री त्याला बराच वेळ पुसत राहिले, नाकात फुंकत राहिले. मी म्हणाले, सोडा. त्यांनी सोडलं नाही. शेवटी म्हाताऱ्याने वाकून पिल्लू त्यांच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मेंढी उठायची धडपड करत होती. उठली, झोकांडी गेली, पुन्हा उभी राहिली, आणि म्हातारीने धरलेल्या टोपल्यात तोंड घातलं.

"मेंढी हाय," म्हातारा म्हणाला. मग घोंगडी नीट करत, कळपाकडे बघत म्हणाला, "अजून सात-आठ गाभण हायती. येत जा."

एवढंच. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. रडले ती मी, आणि हात दुखतोय म्हणून सांगितलं. मिस्त्री हात धुवायला गेले ते धूतच राहिले. म्हातारी शेजारी उभी राहून पाणी ओतत होती.

गॅरेजात परत आलो तेव्हा दुपार कलली होती. मला वाटलं, आता ते घरी जातील. ते सरळ माझ्या गाडीखाली गेले. तुटलेल्या बोल्टाच्या बुंध्यावर त्यांनी एक नट वेल्ड करून बसवला, तो लालबुंद होऊन थंड होईपर्यंत माझ्यासमोर लोकर ठेवली, आणि मग मला खाली बोलावलं.

"तुमीच मोडलाव. तुमीच काढा."

"डाव्या हाताने?"

"डावाच बरा हाय. त्यात जोर न्हाई."

मी पान्हा धरला. आधी आवळला, केसभर. बिजागरीचा आवाज आला. थांबले. मागे घेतला, थांबले. थोडं पुढे, थांबले. मिस्त्री शेजारी उताणे पडून होते, पण पान्ह्याकडे त्यांचा हात गेला नाही. तासाभराने तो बुंधा माझ्या छातीवर पडला.

त्यानंतर मेंढवाड्यावरून मेंढी अडल्याचा फोन मला कधी आला नाही. लस, जंत, खुरांचं दुखणं, यासाठी यायचा. अडलेल्या मेंढीसाठी नाही. डॉक्टर म्हणून माझा थोडा अपमान होता तो, आणि मला तो फार आवडला.

बदलीच्या थोडं आधी सायलेन्सर पुन्हा खडखडायला लागला, म्हणून सकाळीच फाट्यावर गेले. मला तीन गावं करायची होती. गॅरेजासमोर दोन गाड्या उभ्या, खाली तेलाचे थेंब पडलेले, पान्हे आणि पाइप उघड्यावर. शटर अर्धं ओढलेलं आणि त्यावर खडूने मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं: तेल दिलंय. हात लावू नका. मेंढरात गेलोय.

मी ते दोनदा वाचलं. बाकड्यावर हेडमास्तर बसले होते, मांडीवर पोतं घेऊन. मी त्यांच्याशेजारी बसले.

"किती वेळ लागंल वो मॅडम?" त्यांनी विचारलं. "मला शाळा हाय."

"मेंढीवर आहे," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरची अर्धी लोकर माझ्याकडे ओढून घेतली.